दुसरी किल्ली काकूंकडे

४ फेब्रुवारी

ताई,

आणि हे बघ, "ही नोकरी तरी टिकव" असं दर पत्राच्या शेवटी लिहायचं आता बंद कर. मागच्या तीन नोकऱ्यांतल्या दोन मी सोडल्या नाहीत, त्यांनीच मला सोडलं. तिसरीत मालक शिवी देऊन हाक मारायचा. तू असतीस तर पहिल्या दिवशीच त्याच्या टेबलावर पाणी ओतून आली असतीस. तिथे बसून उंटावरून शेळ्या हाकणं सोपं आहे.

आणि आबांना "तो कॉम्प्युटरमध्ये आहे" म्हणून सांगू नकोस. मी कॉम्प्युटरच्या गोदामात आहे. सिनेमे, मॅची, जुन्या बातम्या, लोकांचं सगळं व्हिडिओचं ओझं इथे लोखंडी कपाटांतून ठेवलेलं असतं. खोली एवढी गार, की दोन स्वेटर घालून काम करायचं. एखाद्या डिस्कचा दिवा लाल झाला की ती ओढून काढायची, नवी सारायची, मेलेली ढकलगाडीवर टाकायची. नववीत शाळा सोडलेल्याला याहून काय देणार?

आता कामाचं. आबांच्या घशाचं तू लिहिलंस ते मी तीनदा वाचलं. ऑपरेशन झालं की जीव वाचेल, पण आवाज कायमचा जाईल. डॉक्टर म्हणाले म्हणजे जाईलच. आत्ताचा आवाज टिपून ठेवावा तर तो आधीच घोगरा झालाय, तो काही आपल्या आबांचा नाही. आणि जन्मभर कॅमेऱ्याच्या मागे उभा राहिलेला माणूस, एकाही व्हिडिओत दिसत नाही. पण ऐकू येतो की नाही? गिऱ्हाइकाला दिलेल्या कॅसेटीत नाही, त्यात गाणी भरलेली. कच्च्या कॅसेटींत. "हनुवटी वर", "जरा सरका", "परत परत". ते सगळं आबांनी आयुष्यभर कापून टाकलं. त्या कच्च्या कॅसेटी माळ्यावर आहेत अजून.

म्हणून आमच्या ड्रायव्हरबरोबर एक डबा पाठवतोय. दोन पुस्तकं उभी ठेवावीत एवढाच आहे. आत दोन डिस्का. त्याची वायर वायफायच्या खोक्याला लाव, दुकानातल्या कॉम्प्युटरवर तो फोल्डरसारखा दिसेल. जुना कॅमेरा कॉम्प्युटरला जोड, कॅसेट चालव, डब्यात भर. एका डिस्कवर जे जाईल ते दुसरीवर आपोआप उमटतं. एक मेली तरी दुसरी आहे. बिनधास्त राहा.

कच्च्या कॅसेटी आधी, बरं का. गाण्यांच्या मागून.

भोवरा

*

१५ फेब्रुवारी

भोवऱ्या,

तुझा डबा पोचला. तुझ्या ड्रायव्हरने तो मांडीवर घेऊन प्रवास केला म्हणे, निदान त्याच्या तरी डोक्यात काही आहे.

पत्रच लिही, फोन नको. दोन खोल्या आणि पुढे दुकान, इथे कुजबुजलं तरी आबांना ऐकू जातं. आणि फोनवर तू अर्धं ऐकतोस आणि पूर्ण भांडतोस.

डबा दुकानातल्या फळीवर ठेवलाय. दिवसभर गुरगुरतो आणि निळा डोळा मिचकावतो. आबांनी त्याचं नाव सासू ठेवलं. "कोपऱ्यात बसून सगळ्यांवर नजर, आणि तोंड चालूच." हे त्यांनी कुजबुजत सांगितलं, डॉक्टरांनी जोरात बोलायला बंदी केली आहे ना. मी हसले आणि मग आत जाऊन शेगडी पुसत बसले. पुसायची नव्हती.

कॅसेटी कशासाठी भरतेय ते आबांना सांगितलेलं नाही. आवाजाचा विषय काढला की म्हणतात, "डोळा आहे ना शाबूत? शूटिंग तोंडाने करतात का?" त्यांना कळलं की मी त्यांचा आवाज साठवतेय, तर म्हणतील, माझ्या जिवंतपणी माझं श्राद्ध घालताय का. म्हणून सांगितलं, दुकानाचं जुनं काम नीट लावून ठेवतेय. मी कानात हेडफोन घालून बसते.

कॅसेट तासाची असेल तर तासच लागतो, घाई चालत नाही. आणि बऱ्याच कॅसेटींना बुरशी आहे. एकदा चालतात, मग कॅमेऱ्याच्या तोंडात तपकिरी भुकटी सोडून मरतात. दर कॅसेटला कापसाने तोंड पुसते.

काल त्या दातवाल्या डॉक्टरांच्या लग्नाची लागली. आबा म्हणतायत, "नवरदेव, दात दाखवा, तुमचाच धंदा आहे." केवढा खणखणीत आवाज होता रे. मी विसरलेच होते.

एक सांग. दोन्ही डिस्का एकाच डब्यात, म्हणजे दोन्ही किल्ल्या एकाच जुडग्यात झाल्या ना? आपल्या घराची दुसरी किल्ली कायम शेजारी शिलाईवाल्या काकूंकडे असते. आई असल्यापासून. कारण किल्ली हरवते तेव्हा जुडगाच हरवतो. मग मी म्हणते, सगळं भरून झालं की एक डिस्क काढून काकूंकडे ठेवू का?

ताई

*

२४ फेब्रुवारी

ताई,

काढू नकोस! हात लावू नकोस!

तुझ्या किल्लीचं आणि ह्याचं काही नातं नाही. ह्याला आरसा म्हणतात. दोन डिस्का जोडीने चालतात, एक काढलीस तर डबा बोंबलायला लागतो, खरंच बोंबलतो, टीं टीं टीं. आमच्याकडे चांगली डिस्क चुकून कुणी ओढली तर त्याला दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत पाठवतात. ती डिस्क म्हणजे काय काकूंच्या बटणांच्या डब्यात ठेवायची वस्तू आहे? मी रोज हजारभर डिस्कांच्या मधून फिरतो. थोडं माझं ऐक. घरात मी धाकटा आहे, पण इथे मला ह्यातलं कळतं.

आणि आबांपासून लपवतेस ते मला पटत नाही, पण तिथे तू आहेस, मी नाही.

आणखी एक, चिडू नकोस. इथून पुढे एक बंदर आहे, तिथे जहाजावर माल चढवायला माणसं घेतात. पैसे बरे देतात, आणि ही गार खोली नाही. रोज तेच दिवे बघून माझ्या डोळ्यांपुढे दिवेच नाचतात. तिकिटाचे पैसे बाजूला ठेवलेत. आबांचं ऑपरेशन पार पडलं की निघेन म्हणतो.

डिस्क काढू नकोस.

भोवरा

*

६ मार्च

भोवऱ्या,

सगळं ठीक आहे. कच्च्या कॅसेटी संपल्या, पक्क्याही भरल्या. भरून झालेल्या कॅसेटी आबांनी भंगारवाल्याला दिल्या. "डब्यात गेल्या ना? मग ही भुकटी कशाला सांभाळायची?" तेही बरोबरच, त्यातल्या निम्म्या परत चालल्या नसत्या.

डबा मध्ये थोडा ओरडला होता. आता गप्प आहे.

बारा तारखेला ऑपरेशन. आबा दुकान आवरतायत, रोज एक कप्पा. परत येईन तेव्हा सगळं लख्ख हवं म्हणतात. कालपासून कॉम्प्युटर आवरायला बसलेत.

बंदराचं मी वाचलं. त्यावर आत्ता काही लिहीत नाही. लिहिलं तर कागद जळेल.

ताई

*

१० मार्च

ताई,

ओरडला असेल वीज गेली म्हणून. गप्प झाला ना, मग झालं. बघ, हात लावला नाहीस म्हणून निभावलं. एकदा तरी माझं ऐकलंस.

आबांना सांग, घाबरू नका म्हणून. नको, सांगू नकोस, ते म्हणतील घाबरतंय कोण. त्यांना सांग, भोवऱ्याने विचारलंय, हॉस्पिटलातली नर्स फ्रेममध्ये बसते का.

बाराला मी सुट्टी मागितली होती. नाही मिळाली. दिवसभर फोन लॉकरात असतो, पण जेवायच्या सुट्टीत बघेन. त्या दिवशी पत्र नको, एका शब्दाचा मेसेज टाक.

भोवरा

*

१४ मार्च

भोवऱ्या,

"झालं" असा मेसेज तुला टाकला तो आबांच्या बाबतीत खरा आहे. ऑपरेशन नीट झालं. गळ्याला भोक ठेवलंय, त्यातूनच श्वास घेतात, बघवत नाही पण बघायची सवय होते. गाठ सगळी निघाली म्हणाले डॉक्टर. जीव वाचला. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं वाचताना तू हे विसरणार नाहीस.

आता पुढचं. फोनवर सांगायची हिंमत नाही, म्हणून हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय.

आज सकाळी आबांना पाटी आणि पेन दिलं. मला वाटलं पाणी मागतील. त्यांनी लिहिलं, "डब्यात जागा केलीय." मी म्हटलं, कसली जागा? त्यांनी लिहिलं, "कच्चं सगळं उडवलं. पक्कं ठेवलं. तू कचराही जपून ठेवला होतास." मग पुसून खाली, "कचरापेटीही रिकामी केली. मी अर्धं काम करत नाही."

आणि माझ्याकडे बघून हसले रे. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. एवढं मोठं काम करून ठेवल्यासारखे. मी काय करणार? मी पण हसले. "बरं केलंत," म्हटलं. मग बाहेर आले आणि जिन्यात उभी राहिले.

त्यांची काय चूक? जन्मभर हेच केलं, पक्कं द्यायचं आणि कच्चं टाकायचं. मी त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी हात लावला नसता. आवाज गेला तो गेला, आता डब्यातलाही गेला. तुझ्या आरशातून दोन्हीकडून गेला असता.

असता म्हणते, कारण आता तुझ्या शिव्या खायची वेळ आली. मी डिस्क काढली होती. कॅसेटी संपल्या त्याच दिवशी. डबा तू म्हणालास तसा बोंबलला, मी त्याच्यावर टॉवेल टाकला, तरी बोंबलला, मग कॉम्प्युटरवर आवाज बंद करायचं बटण सापडलं. ती डिस्क शिलाईवाल्या काकूंकडे आहे.

आबांना बावीस तारखेला घरी सोडतील. तोवर मी इथून हलत नाही. घरी गेले की पहिल्यांदा काकूंकडची डिस्क आणून डब्यात तिच्या जागी परत बसवते. म्हणजे त्या डिस्कवरून सगळं परत येईल ना? येईल ना रे?

ताई

*

२२ मार्च

ताई,

फोनवर मी ओरडलो ते तुझ्यावर नाही, घाबरून ओरडलो. हे तुला तेव्हाच सांगायचं होतं, पण काकूंनी फोन ओढून घेतला.

तुझं पत्र मला काल जेवायच्या सुट्टीत मिळालं. "उडवलं" वाचलं तेव्हा घास तोंडातच राहिला. "काकूंकडे आहे" वाचलं तेव्हा जीव भांड्यात पडला, मी टेबलावर हात आपटला, आमटीसकट. आणि "परत बसवते" वाचलं तेव्हा ते भांडंच कुणीतरी उपडं केलं. कारण आता डब्यातली डिस्क खरी आणि काकूंकडची जुनी, असं डबा समजणार. दोन्ही एकत्र घातल्या असत्यास तर त्याने नवीवरून जुनीवर उमटवलं असतं. म्हणजे आबांनी केलेली साफसफाई तिच्यावरही केली असती. आणि मग देवाला फोन लावून उपयोग नव्हता.

तुला फोन लावला, तर हॉस्पिटलात बंद. आज सकाळी परत लावला, तर वाजतोय आणि कुणी घेत नाही. मग काकूंना लावला. काकू म्हणतात, "अरे, तुझी बहीण दारातच उभी आहे, तिची वस्तू देतेय तिला. अस्तराच्या कापडात गुंडाळून ठेवली होती, सुया दुसऱ्या खणात हलवल्या." मी म्हटलं, काकू, देऊ नका! त्या म्हणतात, "का रे? तिचीच आहे ना?" मी म्हटलं, देऊ नका, आधी तिला फोन द्या. तर मला विचारतात, "भांडलात का परत?"

मग तू फोनवर आलीस, मी सांगितल्याप्रमाणे आधी डब्यातली डिस्क काढलीस, मग एकटी काकूंचीच घातलीस, आणि फोल्डर उघडून मला नावं वाचून दाखवलीस. दातवाले डॉक्टर. शाळेचं नाटक. पोस्टमनचा निरोप समारंभ. तू वाचत होतीस आणि मी गोदामाच्या मागच्या दारात उकिडवा बसलो होतो. मुकादम आला, त्याला वाटलं घरी कुणी गेलं. मी म्हटलं, गेलेलं परत आलं.

त्याला सगळं सांगितलं. तो हसत सुटला. म्हणतो, "आरसा म्हणजे प्रत नव्हे रे. समोरच्याने टोपी काढली की आरशातलाही काढतो. म्हणून तर आपली तिसरी प्रत दुसऱ्या गावात असते. पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, तू झोपला होतास का?" मी झोपलो नव्हतो. मला वाटलं, ते कंपनीचं असतं, आपल्या घराला कशाला.

माझं चुकलं असं काही मी लिहीत नाही. पण काकूंना माझा नमस्कार सांग.

आता आबांना सांगून टाक. आता लपवलंस तर मीच पत्र लिहीन.

भोवरा

*

२ एप्रिल

भोवऱ्या,

सांगितलं.

आधी वाटलं चिडतील. मी म्हटलं, "आबा, तो कचरा नव्हता, तो तुमचा आवाज होता. पण आहे, सापडलाय." त्यांनी पेन उचललं. मग पाटीवर लिहिलं, "माझा?" मी शाळेच्या नाटकाची कच्ची फाइल लावली. राजा पडद्यामागून येतच नाही आणि आबा ओरडतायत, "अहो राजे, राज्य गेलं तरी चालेल, उजेडात या!"

आबा पुढे झुकून ऐकत होते. फाइल संपेपर्यंत हलले नाहीत. मग लिहिलं, "केवढा बडबडतो हा माणूस. हे सगळं कापावं लागायचं." मग पुसलं आणि लिहिलं, "परत लाव."

चार वेळा लावलं. चौथ्यांदा त्यांचे ओठ हलत होते आवाजाबरोबर.

पण खरी गंमत पुढे आहे. गेल्या आठवड्यात दुकानात फोटोला गिऱ्हाईक आलं. आबा हातवारे करतायत, त्या बाईंना कळत नाही, त्या उजवीकडे सांगितलं की वर बघतात. आबा हैराण. मला सुचलं. कच्च्या फायलींतून तुकडे काढले, "हनुवटी वर", "जरा डावीकडे, तुमच्या डाव्या", "हसा, पैसे लागत नाहीत", "छान". एकेक तुकडा कीबोर्डच्या एकेका बटणावर बसवला. आता आबा डाव्या हाताने बटण दाबतात, उजव्या हाताने फोटो काढतात, आणि दुकानात आबांचा आवाज घुमतो, वीस वर्षांपूर्वीचा. काल दातवाले डॉक्टर आले होते, ते म्हणाले, "आवाज तर तरणा झाला की तुमचा!" आबांनी लगेच बटण दाबलं. "दात दाखवा, तुमचाच धंदा आहे." डॉक्टर खुर्चीवरून पडायचे बाकी राहिले.

आता फाजीलपणा वाढलाय. मी औषधावरून बोलायला लागले की "कट, कट, कट" दाबतात.

काकू रोज येऊन ऐकून जातात. त्यांना वाटतं आबांचा आवाज त्यांनीच वाचवला. खरंच आहे म्हणा.

एक तुकडा तुला पाठवतेय, फोनवर. कुठल्याशा लग्नातला आहे, तू सातवी-आठवीत असशील, आबांचा दिवा धरायला गेला होतास. आबांनी मुद्दाम शोधून काढायला लावला. पाटीवर लिहिलं, "हा त्याला पाठव. बाकी काही लिहू नकोस." म्हणून मी बंदराबद्दल काही लिहीत नाही.

ताई

*

१० एप्रिल

ताई,

तुकडा ऐकला. लॉकरच्या खोलीत फोन कानाला लावायचा विसरलो, तो मोठ्यानेच वाजला. "ए भोवऱ्या! दिवा हलतोय! एका जागी उभा राहा, बाळा, तुझ्याच उजेडावर चाललंय सगळं."

सगळे वळून बघायला लागले. मुकादम म्हणाला, "कोण ओरडतंय तुझ्यावर?" मी म्हटलं, वडील. "बरोबर ओरडतायत," तो म्हणाला आणि गाडी ढकलत गेला.

"बाळा" म्हणाले होते हे मला आठवत नव्हतं. हात भरून आला होता एवढंच आठवतं. दिवा जड होता.

तीनदा ऐकला. मग खोलीत गेलो, दोन स्वेटर घातले, आणि लाल दिवे बघत फिरलो. त्या दिवशी एकच लाल झाला. बाकी सगळे हिरवे, रांगेने. ते बघायला तसं वाईट नसतं, हे मी पूर्वी कधी म्हटलं नव्हतं.

आता कामाचं. डब्यात काकूंकडची एकटीच डिस्क, हे कायमचं चालणार नाही. ती आता आबा रोज वापरतात, एक दिवस तीही दमेल. डब्यात जोडीला नवी डिस्क हवी, आणि काकूंकडे एक वेगळा छोटा डबा हवा. भिंतीपलीकडेच आहेत, तुझं वायफाय पोचतं. रोज दुकान बंद झालं की इकडचं तिकडे जाईल, आणि इकडे कुणी उडवलं तरी तिकडचं महिनाभर उडणार नाही, असं लावता येतं. मुकादमाने लिहून दिलंय, मी तुला फोनवर वाचून दाखवीन. ह्या कामाला फोन चालेल, भांडणार नाही. काकूंना विचार, गुरगुरणारी एक सून त्यांच्याकडे ठेवली तर चालेल का. सासू आपल्याकडे आहेच.

आबांना सांग, दिवा हलत नाही. एवढंच सांग, त्यांना कळेल.

बंदरावरून माणसं न्यायला गाडी आली होती, गेली. तिकिटाचे बाजूला ठेवलेले तुला पाठवतोय, दोन्ही वस्तू त्यात बसतात, मी दुकानात विचारून आलो. त्यातले उरवून मला परत पाठवायच्या भानगडीत पडू नकोस, सगळे लाव. सात हजार दोनशे.